तुकाबाईचं बोलावणं

फ्लेक्सवर काळा-पांढरा फोटो कधी लावतात हे आमच्या भरे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या मुलाला माहीत नव्हतं. तीस वर्षांचा घोडा, इंजिनिअर, हिंजवडीत सहा वर्षं नोकरी केलेला. त्यानं आपल्या कार्यक्रमाचा फ्लेक्स केला तो सगळा काळाकुट्ट, मधोमध स्वतःचा काळा-पांढरा फोटो, डोळे मिटलेले, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात तारीख. तो फाट्यावर लागला आणि तासाभरात पौडहून माझ्या भावाचा फोन आला. "ताई, कसं झालं गं?" एवढंच बोलला आणि त्याला हुंदकाच फुटला. वेदांत माझ्यासमोर ताटावर बसला होता.

"जिवंत हाय मेला," मी म्हणाले. "तिसरी भाकरी खातोय."

त्या दिवशी मी ठरवलं की याच्या कार्यक्रमाची जाहिरात आता आपणच करायची.

वेदांत क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्याबरोबर रोहित नावाचा मुलगा ड्रम वाजवतो आणि ड्रम कमी पडला तर पत्रा, घमेलं, माझी परात. स्नेहल गाते, पण तिच्या गाण्यात शब्द नसतात. तिघं आधी काहीच ठरवत नाहीत. ना राग, ना ताल, ना गाणं. बसायचं, एकमेकांकडं बघायचं आणि त्या घटकेला जे सुचेल ते वाजवायचं. एकानं काही काढलं की दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे नरहरींना, तर ते वाद्यच सोसत नाही. "आपल्या घराण्यात पयला बँडवाला निपजला," असं ते म्हणायचे. "मग निदान वरातीत तरी वाजव. लोक नाचतील तरी."

मी मात्र पहिल्यापासून वेदांतच्या बाजूनं. त्याला कारण आहे. नोकरीची सहा वर्षं हा मुलगा कंपनीच्या कॅबमधून उतरायचा तो माझ्याशी दोनच शब्द बोलायचा, 'हो' आणि 'नको'. जेवायला वाढलं तर हो, अजून वाढलं तर नको. माझं पोर घरात असून घरात नव्हतं. नोकरी सोडली, महाळुंग्याच्या सोसायट्यांमधल्या मुलांना क्लॅरिनेट शिकवायला लागला, आमच्या घरामागची पत्र्याची शेड झाडून त्यात वाजवायला बसला, आणि त्याचा चेहरा उघडला. तसा चेहरा मी तो पहिल्यांदा पायावर उभा राहिला तेव्हा पाहिला होता. आईला एवढं पुरतं.

जून महिन्यापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता शेडमध्ये कार्यक्रम व्हायचा. चाळीस खुर्च्या मांडायच्या. माणसं यायची सात, कधी नऊ, एकदा तर चारच, आणि त्यातला एक पत्ता विचारायला आलेला. पण एक बाई पाचही वेळा आली. तुकाबाई.

तुकाबाई वरच्या धनगरवाड्यातली. साठी उलटलेली, काटक, जिभेला धार. पहिल्या वेळी तिचं चुकलेलं करडू शेडमध्ये शिरलं म्हणून ती मागोमाग आली आणि उंबऱ्यावर टेकली ती टेकलीच. करडू मांडीवर घेऊन तासभर ऐकत राहिली. पुढच्या महिन्यात करडाशिवाय आली. खुर्ची दिली तर बसली नाही. तिची जागा उंबरा.

आता, असल्या वाजवण्याची एक अडचण असते. त्याला शेवट नसतो. आरतीला असतो, गाण्याला असतो, याला कुठून असणार? त्या पहिल्याच दिवशी तिघं अडकले होते, कोणी थांबायचं ते कोणालाच कळेना. तेवढ्यात तुकाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. वेदांतनं ते पाहिलं, सूर बारीक करत नेला, आणि तिघं एकदम थांबले. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. मग ते ठरूनच गेलं. तुकाबाईला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आई, तिला बरोबर कळतं," वेदांत मला म्हणाला होता. "आमचं बोलून संपलं की तिला आमच्या आधी कळतं."

दिवाळी झाली आणि बंगळूरच्या एका कंपनीचं पत्र आलं. मोठी नोकरी. एका सोमवारी हो-नाही कळवायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी आमचा सहावा कार्यक्रम.

"पंचवीस माणसं आली तर नाही म्हणून कळवतो," वेदांत म्हणाला. "नाहीतर जातो. चार माणसांसमोर वाजवायचं आणि बाबांचं ऐकायचं, मी दमलोय गं."

ह्यांनी पेपर उलटला. मी मात्र कंबर कसली.

पंचवीस? मी म्हटलं, दुप्पट आणते. काळा फ्लेक्स उतरवला. नवा केला, पिवळाधमक, खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो, त्यात सगळ्यात मोठा ह्यांचा. वेदांतनं कपाळाला हात लावला. पण आपल्याकडं ज्याचा फोटो फ्लेक्सवर, त्याला यावंच लागतं, आणि तो एकटा येत नाही. मग कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेतल्या आणि लग्नाला बोलावतात तशी दारोदार फिरले. भावकी झाली, बचत गट झाला, महाळुंग्याला जाऊन लिफ्टनं चढून-उतरून त्याच्या विद्यार्थ्यांचे आईबाप झाले. कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, "रविवारी पाचला, यायचं बरं का." कुणी विचारलं काय आहे, तर सांगायचे, "कार्य हाय." खोटं थोडंच होतं?

त्याच आठवड्यात तुकाबाईच्या मेंढ्या आमच्याच भाताच्या खाचरात बसवल्या होत्या. भात निघालं की खतासाठी धनगरांचा कळप आम्ही चार-आठ दिवस रानात बसवतो, मग ते ताम्हिणीच्या घाटानं कोकणात उतरतात. मी बचत गटातल्या गोजराबाईकडं आमंत्रणाला निघाले तेव्हा तुकाबाई बांधावर उभी होती. तिनं माझ्या हातातला करंडा पाहिला. "काय तुकामावशी, बरं हाय ना?" मी चालता चालता म्हणाले आणि पुढं गेले. ती काय, येतेच की, असं माझ्या मनात होतं. खरं सांगायचं तर तेवढंही मनात नव्हतं.

रविवारी त्रेसष्ट माणसं आली. मी दोनदा मोजली. खुर्च्या पुरल्या नाहीत, शेजारून सतरंज्या आणल्या. ह्यांनी नवा सदरा घातला, रोहित आणि स्नेहलला शाल-श्रीफळ दिलं, दोन शब्द बोलतो म्हणून वीस मिनिटं बोलले. माझा ऊर भरून आला होता. वेदांतनं वाद्य हातात घेतलं, आणि मी पाहिलं की तो एवढ्या गर्दीकडं बघतच नव्हता. दाराकडं बघत होता. उंबऱ्यावर चपलांचा ढीग होता.

वाजवायला सुरुवात झाली. पहिली दहा मिनिटं लोकांना वाटलं माइक तपासतायत. "कवा चालू हुनार?" गोजराबाईनं मला विचारलं. मी म्हटलं, "झालंय चालू." पाऊण तास झाला. चांगलं चाललं होतं, मलाही कळण्याइतकं चांगलं. स्नेहलचा आवाज खाली यायचा, रोहित हात आखडता घ्यायचा, आता संपणार असं वाटायचं, आणि वेदांत दाराकडं बघायचा, चपला बघायचा, आणि पुन्हा सुरू करायचा. मग बाकीच्या दोघांना मागं जावं लागायचं. तास झाला. लोक उठायला लागले. हिंजवडीच्या चौकात गाड्या अडकायच्या आत निघायला हवं, म्हशी पिळायच्यात, पोराची उद्या शाळा आहे. सव्वा तास झाला तेव्हा वेदांतचा शर्ट भिजला होता आणि त्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते मला सोसेना. पोर हरवलं की त्याचं तोंड तसं होतं.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सगळ्या मुलखाला बोलावलं, आणि जिच्यासाठी हा वाजवतो तिला सोडलं. मी करंडा आणि अक्षता उचलून खाचराकडं पळाले.

तुकाबाई मेंढ्यांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीजवळ बसून शेळी पिळत होती. माझ्याकडं पाहिलं, पिळत राहिली.

"तुकामावशी, चला की. कार्यक्रम चालू हाय."

"ऐकू येतंय. भैरी न्हाई मी."

"मग का न्हाई आला?"

"बोलावणं कुटं हाय मला?" तिनं शेळीच्या पाठीवर थाप मारली. "आजवर कुनालाच बोलावणं नव्हतं, तवा मी आपली येत हुते. आता तुमी समद्या गावाला अक्षता दिल्या. माज्यासमोरनं करंडा घिऊन गेलासा. मंग मी कोन? आगंतुक?"

मी पन्नास वर्षांची बाई, भावकीतल्या चार पोरींची लग्नं जमवलेली, मानपानात आजवर कुणी माझी चूक काढली नाही. मी तिथंच खाली मातीत बसले.

"चुकलं माजं," मी म्हणाले. "लई चुकलं, मावशी. घरचं मानूस म्हनून इसारले म्हनलं तर ते बी खोटं. माज्या मनातच आलं न्हाई. मला माफी करा."

शेडमधून क्लॅरिनेट ऐकू येत होतं. खाली यायचं, थांबतंय थांबतंय असं वाटायचं, आणि पुन्हा वर जायचं. तुकाबाईनं मान तिकडं वळवली. बराच वेळ ऐकलं. मग दुधाची चरवी बाजूला ठेवली.

"वैनी, त्येला थांबता येईना बगा," ती म्हणाली. "पोरगं हाका मारतंय. आना तुमचं कुकू."

मी इतक्या घाईनं कुंकू लावून अक्षता दिल्या की कुंकू तिच्या नाकावर सांडलं.

आम्ही शेडशी पोचलो तेव्हा आत अकरा माणसं उरली होती. त्यातले एक हे. सगळ्यात पुढं, मांडीवर हात ठेवून, ताठ. मी चपला दोन्ही हातांनी बाजूला सारल्या आणि तुकाबाई उंबऱ्यावर टेकली. वेदांतनं पाहिलं. त्यानं डोळे मिटले आणि वाजवणं बदललं. कसं बदललं ते मला सांगता यायचं नाही. इतका वेळ तो शोधत होता, आता सांगत होता, एवढंच कळलं. पाच-सात मिनिटं असेल. मग तुकाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला, आणि सूर बारीक होत होत थांबला. बाहेर एक मेंढी ओरडली, ती स्पष्ट ऐकू आली.

वेदांत उठून तिच्यासमोर येऊन बसला. "मावशी, त्रेसष्ट जण आले होते. आईनं बोलावलं म्हणून आले आणि उठून गेले. त्यांना आवडलं नाही. तुम्ही का येता?"

"गानं असलं की फुडं काय येनार ते मला म्हाईत असतंय," तुकाबाई म्हणाली. "जलमभर तेच. तुमचं तसं न्हाई. फुडं काय येनार ते तुमाला बी म्हाईत नसतंय. आमी कळप घिऊन निगतो तवा असंच असतंय. कान उगडा ठिऊन चालायचं. म्हनून बरं वाटतंय."

ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली आणि मध्येच थांबली.

"परवा आमी कोकनात उतरतोय. जेठात, पावसाच्या तोंडाला येनार परत. मंग हाय का तुमचं वाजवनं?"

तो वाद्यावर बोटं फिरवायला लागला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हाय म्हन रे! मी जीभ दाताखाली धरली. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

"हाय तर मंग अक्षता दे," तुकाबाई म्हणाली. "आईनं दिल्या त्या आजच्या झाल्या. आता बोलावल्याबिगर मी यायची न्हाई."

वेदांतनं माझ्याकडं पाहिलं. मी अक्षता नुसत्या पुढं धरल्या. त्यानं क्लॅरिनेट खाली ठेवलं, चिमटीत अक्षता घेतल्या, त्या थोड्या वाटल्या म्हणून आणखी घेतल्या, आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवल्या.

"मावशी, जेठातल्या शेवटच्या रविवारी कार्यक्रम आहे. पाच वाजता. यायचं."

मागं खुर्ची करकरली. हे उठून उभे राहिले होते, वेदांतला द्यायची राहिलेली शाल अजून त्यांच्याच खांद्यावर. त्यांनी घसा खाकरला.

"अक्षता दिल्या म्हंजे कार्य करावंच लागतंय," ते म्हणाले. "बंगळूरला उद्या सकाळीच न्हाई म्हनून कळव."

तुकाबाईनं अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ ओढून पाहिली, आणि पदर डोक्यावर नीट घेतला.