तिसऱ्या माणसाची मजुरी

"तिसऱ्या माणसाचे तास भरायचे राहिलेत," यंत्रमास्तर म्हणाला, आणि वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

छोट्या धंदेवाल्यांसाठीचा हा हिशेबाचा वर्ग. शिकवायला माणूस नाही, कॉम्प्युटर. त्याचं नाव सगळ्यांनी यंत्रमास्तर पाडलेलं. एक मॅडम असायच्या, पण कुणाचं अडलं तरच त्या उठायच्या. वहिनींचा पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर घराखालची एक खोली, पुठ्ठा कापायचं मशीन आणि चार हात, दोन वहिनींचे आणि दोन नणंदेचे. नवरा गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून दिराने टुमणं लावलं होतं, "वहिनी, तोट्यातला धंदा कशाला ओढताय? खोली विकून मोकळ्या व्हा." तोटा आहे की नाही ते एकदाचं बघूच, म्हणून वहिनी हट्टाने वर्गात आल्या. नफा निघाला तर दिराचं तोंड बंद. नाही निघाला तर खोली विकायची, असा शब्दच त्या देऊन बसल्या होत्या.

आणि नफा निघाला की हो. थोडाच, पण निघाला. नेमका तेव्हा हा मास्तर आडवा आला.

"आम्ही दोघीच आहोत," वहिनी म्हणाल्या.

"दोघींच्या हातून एवढी खोकी होत नाहीत. तुम्हीच सांगितलेला वेग धरला, तरी रोज थोडं काम जास्तीचं होतं. ते कोण करतं?"

वहिनींनी मान वळवली. "मॅडम, तुमचा मास्तर हिशेबात कच्चा दिसतोय."

मॅडम हसल्या. "असं सगळ्यांचंच होतं. घरातलं कुणीतरी हात लावतं आणि आपण त्याला मजुरीत धरतच नाही. घरी विचारून बघा."

घरी विचारणार कुणाला, तर नणंदेला. ती गोंद लावता लावता म्हणाली, "म्हणजे काय? दुपारचा ढीग तुम्हीच घड्या घालून ठेवता ना? मी जेवून खाली येते तेव्हा तयारच असतो."

"मी कुठली? मी तुझ्या मागून उतरते. मला वाटायचं, तूच लवकर येऊन उरकतेस."

वर्षभर दोघी मनातल्या मनात एकमेकींचे उपकार मानत होत्या, आणि तोंडाने कुणी चकार शब्द काढला नव्हता. घरच्या कामात हे कुणी केलं म्हणून विचारतं कोण?

दुसऱ्या दिवशी कापलेले पुठ्ठे तसेच सपाट ठेवून त्यांनी खोलीला कुलूप लावलं. वर जेवायला बसल्या तेव्हा किल्ली दोघींच्या मधोमध ठेवली. खालून आवाज नाही की काही नाही. नणंद ताटातला भात नुसता चिवडत होती. "उंदीर असेल," ती म्हणाली. उंदीर खोकी करतो का, असं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण हसायचं बळ नव्हतं.

कुलूप उघडलं. ढीग तयार होता.

वहिनींनी एक खोकं उचललं. कोपऱ्याची घडी अंगठ्याने दोनदा दाबलेली, त्यामुळे तिथे बारीकसा खळगा पडलेला. खोकी घेणारा चपलांचा दुकानदार त्या खळग्यावरून कायम कुरकुरायचा, आणि वहिनी नवऱ्याला बोलायच्या. नवऱ्याने ती सवय काही सोडली नव्हती.

"दादा," नणंद म्हणाली आणि दाराबाहेर सरकली.

वहिनींना भीती वाटलीच नाही. त्यांना आला तो राग, आणि रागाच्या मागोमाग रडू. डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हटलं होतं, तेव्हा हा माणूस म्हणाला होता, "गडी ठेवायला परवडणार आहे का?" आणि वहिनींनीही ते ऐकून घेतलं होतं. नवऱ्याचे तास कुणी कधी मोजलेच नव्हते, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

पुढच्या वर्गात त्यांनी मास्तरला हळूच विचारलं, "तो माणूस पैसे घेतच नसेल तर?"

"तरी तो खर्चच. तुम्ही देत नाही, म्हणजे तो देतो आहे."

"असं किती दिवस चालेल?"

"तुम्ही धंदा चालवाल तोवर."

मास्तरचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "नाव काय लिहू?" त्याने विचारलं.

"नाव नको. घरचाच आहे. मजुरी मात्र पुरी धर."

त्याने पुरी धरली. पडद्यावरचा नफा पुसला गेला आणि तिथे तोट्याचा लाल आकडा आला. मॅडम मागून वाकून म्हणाल्या, "अहो, घरच्या माणसाचं थोडं कमी धरलंत तरी चालतं हं. मग नफा राहील." वहिनींनी नको म्हणून मान हलवली आणि तिथूनच दिराला फोन लावला.

"भावजी, तुमचंच खरं. खोली विकून टाका."

पैसे हातात पडले त्या दिवशी खोली धुऊन रिकामी झाली होती. मशीन गेलं, पुठ्ठे गेले. नणंद वरच थांबली. तिच्याने खाली उतरवेना. दुपारी, जेवायच्या आधी, वहिनी एकट्याच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"अहो, ऐकताय ना?" त्या म्हणाल्या. "काम संपलं सगळं. उद्यापासून यायचं नाही. चला आता."

त्यांनी दार एका हाताने धरून ठेवलं आणि जरा बाजूला सरकल्या, मागून येणाऱ्याला वाट देतात तशा. थोड्या वेळाने दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.