मास्तरांचा डावा हात

टीव्हीवरच्या कराटेच्या मालिकेतले मास्तर गेले आणि शहरातल्या कराटेच्या वर्गांना दुखवट्याची कुलपं लागली. त्या मालिकेआधी कराटे कशाशी खातात हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर मात्र धड चालता न येणारं पोरही मास्तरांसारखं उभं राहायला बघायचं. उजवी मूठ पुढे, डावा हात कमरेवर. समोर दहा गुंड असले तरी डावा हात कमरेवरच! लोक म्हणायचे, याला म्हणतात रुबाब.

कसला डोंबलाचा रुबाब! मास्तरांच्या मोठ्या बहिणीला खरं माहीत होतं. लहानपणी भिंतीवरून पडल्यापासून त्याचा डावा हात छातीच्या वर जातच नव्हता. मालिकेतल्या गुंडांना सक्त ताकीद असायची, त्या बाजूने मारायचं नाही. "ताई, कुणाला सांगू नकोस, लोक हसतील," एवढंच त्याने तिच्याकडे आयुष्यात मागितलं होतं. परवा शेवटचा सदरा चढवतानाही तो हात बाहीत अडला, तेव्हा तिला हुंदका आवरला नाही.

आज सभागृहात त्याच्या फोटोसमोर श्रद्धांजलीचा सामना होता. त्याची मुलगी चिमी उतरणार होती, बापाच्याच पवित्र्यात. मास्तर डोक्याला कधी काही बांधत नसत, म्हणून आज हेल्मेटही नको, असं आयोजकांनी ठरवलेलं. आयोजकांचं काय जातंय! आत्या मात्र हिशेब मांडत बसली. डावं कानशील सताड उघडं, आणि समोरची मुलगी परगावची, चांगली दांडगी, एका ठोशात वीट फोडणारी.

बोललं तर आई मार खाते, नाही बोललं तर बाप कुत्रं खातो, अशी तिची गत. तरी ती कपडे बदलायच्या खोलीत गेलीच.

"चिमे, आज डावा हात वर धर. ऐक माझं."

चिमी मनगटाला पट्टी गुंडाळत होती. "आज? बाबांच्या फोटोसमोर?"

"अगं, त्याचा हात..."

"माहितेय मला, आत्या. बाबांनीच सांगितलं होतं. तू नको घाबरूस. तिकडून कुणी मारतच नाही. सगळे मालिका बघूनच शिकलेत ना."

"आणि हिने मारलं तर?"

"काहीतरीच तुझं! पुढे बसून टाळ्या वाजव फक्त."

घंटा झाली. अख्खं सभागृह उभं राहिलं, उजव्या मुठी पुढे, डावे हात कमरेवर. परगावची मुलगी मारत होती ते सगळं चिमीच्या उजव्या बाजूला, आणि चिमी ते उजव्या हाताने अडवत होती. पण आत्याला दिसत होतं फक्त ते उघडं कानशील. एक ठोसा जरा वाकडा आला आणि चिमीचे केस हलले, एवढंच. आत्याचा धीर सुटला.

"चिमे, हात वर घे! त्याचा हात वर जातच नव्हता गं! अधू होता तो! तुझी डावी बाजू उघडी आहे!"

पंचाने सामना थांबवला. कुणी हसलं नाही. लोकांचे कमरेवरचे हात एकेक करून खाली आले. चिमीने आत्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फोटोकडे पाहिलं आणि डावा हात कमरेवर आणखी घट्ट रोवला.

समोरच्या मुलीची नजर इतका वेळ चिमीच्या उजव्या मुठीवर होती. ती आता हळूच दुसरीकडे सरकली आणि डाव्या कानशिलावर थांबली.

पंचाने पुन्हा खूण केली.