मी धरून दोघी

मी सॅक. रंग शेवाळी, चेन दोन, त्यातली एक हट्टी. सुनेत्राच्या पाठीवर गेली नऊ वर्षं आहे, म्हणजे तिची पाठ मला जितकी ठाऊक आहे तितकी तिच्या नवऱ्यालाही नसेल. एरवी माझं तोंड उघडतं ते लॅपटॉप काढण्यापुरतंच. आज जरा बोलून घेते.

माझा जन्म पुण्याचा, रविवार पेठेतला. बॅगवाल्यानं मला शिवून झाल्यावर सुनेत्रानं दुकानात उभं राहून आतल्या बाजूला एक जादा कप्पा लावून घेतला, पासपोर्टसाठी म्हणून. जर्मनीत आल्यावर पासपोर्ट गेला कपाटात आणि त्या कप्प्यात आली ग्लुकोजची बिस्किटं. आमची सगळी भानगड या बिस्किटांपासून सुरू झाली.

सुनेत्रा एर्लांगेनला राहते. वय बावन्न. हॉस्पिटलांना मोठी तपासणी-यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. नवं यंत्र बसलं की तिथल्या लोकांना ते चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. त्यासाठी महिन्यातून तीन-चार दिवस गावोगाव फिरावं लागतं. वीस डॉक्टरांसमोर जर्मनमध्ये तीन तास बोलताना तिचा आवाज जरासुद्धा कापत नाही. पण संध्याकाळी हॉटेलात एकटीनं जेवायला बसायचं म्हटलं की हीच बाई पार गळून जायची.

ती वाढली इस्लामपूरला, सात माणसांच्या घरात. जेवताना समोर कुणीतरी हवंच, निदान वाढणारं तरी. बाई एकटी हॉटेलात जेवतेय म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती ते शिकली होती. एर्लांगेनला समोर नवरा असतो, प्रताप, आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला. प्रवासात कोण?

प्रवासात मी. नाश्त्याला ती मला समोरच्या खुर्चीवर बसवायची. पोटात लॅपटॉप असल्यामुळे मी बसतेही ताठ. तेवढ्यानं भागायचं नाही म्हणून माझ्यापुढे एक कॉफीचा कप ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी ज्यूस आणायला गेलंय. नऊ वर्षांत मी किती कॉफ्या गार केल्या त्याला गणती नाही. संध्याकाळी मात्र हे नाटक चालण्यासारखं नव्हतं. मग हॉटेलची खोली, पलंगाची कड आणि बिस्किटं. प्रतापचा फोन आला की ती सांगायची, हो, जेवले, इटालियन होतं, चांगलं होतं. मी गप्प. सॅकला साक्षीला कोण बोलावतं?

मग गेल्या मे महिन्यात स्पृहाचा फोन आला. स्पृहा म्हणजे यांची एकुलती एक मुलगी, हायडेलबर्गला पहिल्या वर्षाला. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. आम्ही तेव्हा कासेलच्या हॉटेलात होतो. स्पृहानं आधी हवेबद्दल सांगितलं, मग सायकलबद्दल, आणि मग हळूच म्हणाली की सहा आठवडे झाले, ती मेन्साला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनला, गेलेलीच नाही. सगळे घोळक्यानं बसतात. तिचं अजून कुणी झालेलं नाही. ट्रे घेऊन उभं राहिलं की सगळी मेन्सा आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. त्यामुळे ती खोलीतच ब्रेड खाते.

सुनेत्रा ताडकन उठून बसली. "अगं, एकटीनं जेवायला लाजायचं काय त्यात? मी नाही का जेवत दर महिन्याला?"

हातात बिस्किट होतं. अर्धं.

पलीकडून स्पृहानं विचारलं, "वी माख्स्ट दू दास, मामा?" कसं करतेस तू ते, आई?

काहीतरी पुटपुटून सुनेत्रानं फोन ठेवला, अर्धं बिस्किट परत माझ्या कप्प्यात सारलं, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं असावं.

दोन दिवसांनी तिनं ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या जयंतला गाठलं. हा बाबा पूर्वी तीन वर्षं जपानमध्ये नागोयाला एकटा राहून आलेला. मुलीसाठी विचारतेय, असं तिनं आधीच सांगून टाकलं. जयंतनं कॉफी खाली ठेवली आणि म्हणाला की इझाकाया गाठायचं. जपानी लोक ऑफिस सुटल्यावर जातात ते ठिकाण, थोडं पिणं, थोडं खाणं, छोट्या छोट्या बशा एकेक करून मागवायच्या. पण कुठलंही नाही चालत. आत काउंटर हवा. काउंटरवर आधीच एकटं बसलेलं एक तरी माणूस दिसायला हवं. आणि समोर स्वयंपाकी काम करत असायला हवा, म्हणजे नजर कुठे ठेवायची हा प्रश्न मिटतो. सहाला उघडतं तेव्हाच जायचं. सुनेत्रानं हे सगळं लिहून घेतलं. मुलीसाठी.

पुढची फेरी नेमकी ड्युसेलडॉर्फची निघाली. तिथे स्टेशनजवळ जपानी लोकांची अख्खी वस्ती आहे, त्यांची दुकानं, बेकऱ्या, सगळं. जूनमधली लख्ख उजेडाची संध्याकाळ. सहाला पाच कमी असताना आम्ही तिथल्या रस्त्यावर हजर.

पहिलं इझाकाया मोठं होतं, फोनवर त्याला भरपूर तारे होते. दारातल्या वेटरनं विचारलं, किती जण? आणि सुनेत्राच्या तोंडून निघून गेलं, "दोघं."

मी धरून दोघी, म्हणजे तसं खोटंही नव्हतं. पण त्यानं दोघांचं टेबल दिलं, दोन मेनू ठेवले, दोन ग्लास भरले. मी माझ्या सवयीच्या जागी बसले. दहा मिनिटांनी तो आला, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि फार हळुवारपणे विचारलं की साहेबांची अजून वाट बघायची का. सुनेत्रा कानापर्यंत लाल. तिनं फोन कानाला लावला, बंदच होता तो, त्यात "अच्छा, अच्छा, येतच नाहीयेस का?" असं मराठीत म्हणाली, वेटरची माफी मागितली आणि मला खांद्यावर टाकून बाहेर. त्या वेटरला आजही वाटत असेल, कुणा नालायक माणसानं या बाईला ताटकळत ठेवलं.

दुसऱ्या ठिकाणी खिडकीतून काउंटर दिसला, पण त्याच्यावर नुसत्या जोड्या होत्या, एकमेकांना भरवणाऱ्या. तिथून आम्ही चालही न बदलता पुढे गेलो. सुनेत्रा स्टेशनच्या दिशेला वळली. हॉटेल तिकडेच होतं. मला वाटलं, संपलं, आता कप्पा उघडणार.

पण कोपऱ्यावर तिसरं होतं. अरुंद, दारावर निळा कापडी पडदा, आत सात-आठ जागांचा काउंटर. एका टोकाला एक म्हातारे जर्मन गृहस्थ पेपर वाचत एकटेच खात होते. पलीकडे स्वयंपाकी निखाऱ्यांवर कोंबडीचे तुकडे ओवलेल्या काड्या फिरवत होता. सुनेत्रा त्या दारावरून एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी आतल्या मालकीणबाईंनीच पडदा बाजूला केला आणि विचारलं, "आलाइन?" एकट्याच?

माझ्या पट्ट्यावरची सुनेत्राची मूठ घट्ट झाली.

"जा," ती जर्मनमध्ये हो म्हणाली. "आलाइन."

मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. छत्री आणलीय का असं विचारावं आणि नाही असं उत्तर मिळावं, इतकं ते साधं होतं. त्यांनी मधली एक जागा दाखवली, आणि खालून एक वेताची टोपली सरकवून मला तिच्यात ठेवायची खूण केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी खुर्ची गेली.

खरं सांगते, मला राग आला. टोपलीतून दिसतं काय? पाय. म्हणून पुढचं जेवण मी सुनेत्राच्या पायांवरून सांगते. आधी ते एकमेकांना घट्ट आवळून बसले होते. हे द्या, ते द्या करत तिनं काहीतरी मागवलं. वरून कोंबडीचा खमंग वास आला. मग वांगं आलं, गोडसर, कारण ती स्वतःशीच "अगंबाई" म्हणाली. दुसऱ्या बशीला पाय सुटे झाले. म्हाताऱ्यांनी पेपरचं पान उलटलं. तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत आणि तेच तिला फार आवडलं असावं. तिसऱ्या बशीला तिची एक टाच बुटातून बाहेर आली. चौथ्या बशीला दोन्ही. घरच्या सोफ्यावर बसते तशी बसली होती बाई, परक्या गावात, एकटी. मीठ कमी की जास्त हे सांगायला कुणी नाही, आणि तिला स्वतःलाच ते कळत होतं.

बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता. तिनं रस्त्यातच स्पृहाला फोन लावला.

"स्पृहा, आज मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर एकटी जेवले. मागे तुला जे सांगितलं ते खोटं होतं. मी खोलीत बिस्किटं खायचे."

स्पृहा हसायला लागली, इतकी की सुनेत्राला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग हसू थांबलं आणि ती बारीक आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, "भीती वाटली?"

"खूप," सुनेत्रा म्हणाली. "पण वांगं आल्यावर गेली."

दुसऱ्या आठवड्यात स्पृहा मेन्साला गेली. जादू वगैरे काही झाली नाही. नूडल्सचा गिचका झाला होता आणि कुणी बोलायला आलं नाही, असा तिचा रिपोर्ट. पण पुढच्या दिवशी ती परत गेली. आता जातेच.

आणि मी? माझा डावा पट्टा उसवत आलाय, खालचे कोपरे पांढरे पडलेत. मागच्या फेरीत कील नावाच्या गावी टोपली नव्हती, तर खुंटीवर लटकले. मान कमी झाला म्हणावं, तर कॉफ्या गार करण्यात तरी कसला मान होता? तुमच्याही पाठीवर माझी एखादी बहीण असेलच. परक्या गावात भूक लागली तर तिला खोलीत कोंडू नका. न्या बाहेर, टाका टोपलीत, ती रागावेल आणि विसरेल.

पुढच्या आठवड्यात आमची फेरी बाड हॉम्बुर्गला आहे. काल प्रताप म्हणाला, या वेळी मीही येतो, तुला जेवायला सोबत होईल. सुनेत्रा माझी चेन लावत होती. ती थांबली, आणि तिनं गंभीरपणे विचार केला.

"ये की," ती म्हणाली. "फक्त गुरुवारी संध्याकाळी जेवायचं तू तुझं बघ. मला जमणार नाही."

प्रताप बिचारा तेव्हापासून फोनवर एकट्यापुरता काउंटर शोधत बसलाय.