झुडपाआडचा दसरू

पडद्यावर माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. भामरागडकडच्या एका पोलिस ठाण्यातल्या पत्र्याच्या खोलीत वायरलेस सांभाळणारा शिपाई पवन त्या पडद्याला नाक लावून उभा होता, आणि वर कुठंतरी ते नवं बिनमाणसाचं विमान घिरट्या घालत होतं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ते चाचणीसाठी आलं, आणि तेव्हापासून ठाण्याच्या साहेबांना सगळं जंगल खिशात आल्यासारखं वाटत होतं. उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली तर कुणाला नको असते?

दाणे रांगेनं चालले होते. प्रत्येकाच्या खांद्यावर लांब काहीतरी होतं. पुढच्या नाल्यात झुडपाआड हवालदार दसरू सात जवानांसह दबा धरून पडला होता.

"नक्षल्यांचं दलमच आहे," साहेब म्हणाले. "दसरूला सांग, टप्प्यात आले की गोळी घाला."

पवनच्या तोंडचं पाणी पळालं. तो इथल्याच माडिया गावचा. पेरणीआधी बियाण्यांचा पंडुम, म्हणजे सण, आला की गावचे पुरुष तीरकामठे आणि ठासणीच्या बंदुका घेऊन पारधीला निघतात. रिकाम्या हातानं परतले तर बायका टोमणे मारून जीव नकोसा करतात. त्यांचीही रांग अशीच असते.

"साहेब, पारधीचे लोक असतील."

"विमान खाली आणू. गावकरी असले तर थांबतील, दलम असलं तर पळेल."

"पारधीवालेही पळतील, साहेब. शिकारीला बंदी हाय. त्यायले फॉरेस्टवाल्यायचं भेव वाटते."

साहेबांनी विमान खाली आणायचा विचार सोडला. माणूस वाईट नव्हता. मागच्या महिन्यात त्यांचे दोन जवान गेले होते, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पण पवनला तरी कुठं खात्री होती? दलमही असंच चालतं. तो चुकला तर दसरू जाणार होता, आणि पोरक्या पवनला दसरूच्याच घरानं जेवूखाऊ घालून वाढवलं होतं.

वायरलेसवर दसरू कुजबुजला, "पवन, एकजण थांबला. माह्या झुडपावर नेम धरून राह्यला. मारू का?"

साहेबांनी पवनकडं पाहिलं. "बोल लवकर."

दलमवाल्याला पोलिस दिसला असता, तर सगळे आधी जमिनीवर आडवे झाले असते. इथं बाकीचे उभेच होते. म्हणजे झुडूप हललं आणि त्याला आत डुक्कर वाटलं. तसं असेल. नसेलही.

"दसरूभाऊ, मारू नको. हात वर करून उभा राय. गोंडीत बोल."

"उभा राहू?"

"हो."

पडद्यावरचं चित्र गोठलं. यंत्र असं अधूनमधून अडायचं. पवननं मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले. मग वायरलेसवर गोंडीतल्या शिव्या ऐकू आल्या, दसरूच्या आणि पारधीवाल्यांच्याही, आणि पवन मटकन खाली बसला.

दुपारी दसरू ठाण्यात आला. घटाघटा पाणी प्यायला.

"तुले पक्कं माहीत होतं ना, पवन?"

खोटं बोलणं सोपं होतं. साहेबही ऐकत होते.

"नाई, भाऊ."

दसरूनं मान डोलावली. त्यानंतर कितीतरी दिवस तो पवनच्या शेजारी जेवायला बसला नाही.