रजबातलं पाकट

माझे आजोबा, तांडेल ला पाबेआंगी, ताडी पिऊन सुकाणूवर झोपले आणि गलबत खडकावर फुटलं, हे मी जन्मल्यापासून ऐकत आले. तेरा माणसं गेली, आजोबा धरून. रजबच्या चौथ्या दिवशी हाजींच्या ओसरीवर त्या गेलेल्यांसाठी फातेहा पढतात, तेव्हा नावं मात्र बाराच घेतात.

वाचले ते एकटे गलबताचे मालक, थोरले हाजी. त्यांनी सतरा वर्षांनी, १९७४च्या रजबात लिहवून घेतलेली जबानी तिथंच काचेत टांगलीय: “त्या दिवशी इशाच्या नमाजानंतर आग्नेयेला पाकटाचे तारे उगवलेले मी तांडेलाला दाखवले, त्यांवर गलबत धर म्हणालो. तो घोरत होता.” त्या कागदापायी आमच्या घरातल्या कुणाच्या हाती सुकाणू देत नाहीत. माझ्या भावासारखा, ला साक्कासारखा तांडेल या किनाऱ्यावर नाही, आणि तो दुसऱ्यांची गलबतं घासतो. यंदा थोरल्यांच्या मुलाचं, आताच्या हाजींचं, नवं गलबत तयार होतं. त्याचा तांडेल फातेहानंतर ठरणार होता.

मी मकास्सरच्या शाळेत खलाशांना तारे शिकवते. तो कागद मी शंभरदा वाचला असेल, पण मान खाली घालून. यंदा मान वर केली. रजब चंद्राचा महिना, दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतो. रजब म्हटलं की कुठला ऋतू, कुणी विचारतच नाही. मी मागं मोजत गेले. गलबत फुटलं तो रजब १९५७च्या फेब्रुवारीत आला होता, ऐन पश्चिमेच्या वाऱ्यात. मग त्या संध्याकाळचं, अंधार पडल्यावरच्या इशाच्या वेळेचं आकाश मांडलं. हाताने तीनदा, संगणकावर एकदा. डोक्यावर नांगर, म्हणजे मृग. आणि पाकट, म्हणजे पुस्तकातला वृश्चिक? ते मध्यरात्र उलटल्यावर उगवणार होतं.

माझं डोकं असं फिरलं की हातातली पेन्सिल मोडली.

फातेहा झाला, नारळाच्या दुधातल्या भाताचा बुरासा वाढला गेला. मी पानाला हात लावला नाही.

“पुआंग हाजी,” मी म्हणाले, “तुमच्या बापानं न उगवलेला तारा दाखवला.”

“बेस्से, मेलेल्या माणसाबद्दल बोलतेयस.”

“मेलेल्या माणसाबद्दल तुम्ही अठ्ठावन्न... नाही, अडुसष्ट वर्षं बोलताय! माझे आजोबा काय जिवंत आहेत?”

मी कागद पसरले. “सत्तावन्नचं हे आकाश. यात पाकट नाही. हे चौऱ्याहत्तरचं. त्या साली रजब कोरड्या दिवसांत आला, अंधार पडला की पाकट वर. जबानी लिहवताना तुमच्या वडिलांनी अंगणातून जे दिसलं ते ठोकून दिलं. जागा असलेला माणूस नांगर म्हणाला असता. झोपलं कोण होतं, सांगा!”

“दोन इयत्ता शिकली आणि आम्हाला आकाश शिकवते,” हाजी हसले. “अंबो ताहांग, तुम्ही सांगा हिला.”

अंबो ताहांग गावातले सगळ्यात जुने तांडेल. नावं तेच वाचतात. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

“पोरगी बरोबर बोलतेय,” ते म्हणाले. “चौऱ्याहत्तर साली हे वाचून दाखवलं, तेव्हाच आम्हाला कळलं होतं. पश्चिमेच्या वाऱ्यात संध्याकाळी पाकट? शेंबड्या पोरालाही कळेल.”

“मग?”

“मी तेव्हा हाजींच्या गलबतांवर नोकरीला होतो, बाळ. सगळेच होतो.”

मला वाटलं होतं, गाव अडाणी आहे. अडाणी मीच. गावाला सगळं माहीत होतं आणि गाव बुरासा खात होतं. माझी आजी याच ओसरीच्या पायरीवर दर रजबला बसायची, तेरावं नाव येईल म्हणून. ती मेली तेव्हा याच लोकांनी खांदा दिला.

हाजींचं हसू गेलं होतं. “बरं, बरं. ला साक्का, नवं गलबत तू घे. मिटलं ना?”

ला साक्का उठला. आयुष्यभर याच शब्दांची वाट पाहिलेला माझा भाऊ. “आधी नाव,” तो म्हणाला.

“आता फातेहा होऊन गेला रे.”

“पुन्हा पढा.”

मी भिंतीवरची जबानीची चौकट काढून अंबो ताहांगांच्या पानात, भातावर पालथी ठेवली. त्यांनी हात धुतले, तळवे वर केले आणि पहिल्यापासून नावं घेतली. बारा झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी दिलं नाही.

“ला पाबेआंगी,” ते म्हणाले. “तांडेल.”

“मोठ्यानं,” मी म्हणाले. “पायरीपर्यंत ऐकू जायला हवं.”