लोकर कोंबलेली किटली

मी एक जुनी दुधाची किटली आहे. ॲल्युमिनियमची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत जर्मनची. मित्रांनो, मी तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. तुमच्यातल्या किती जणांनी माझ्यातलं दूध प्यायलं असतं, याचा अंदाज मला आता आला आहे.

कुठल्याशा कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. भामाबाईंनी मला भोरच्या बाजारातून आणलं, तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची सात घरांची वाडी आहे. दोन गाई, थोड्या शेळ्या, थोडी मेंढरं. रोज सकाळी मी भामाबाईंच्या डोक्यावर बसून खालच्या रस्त्यावरच्या दूध केंद्रावर जात असे. तिथले रखमाजी दूध मोजताना म्हणत, “भामाबाई, तुमच्या किटलीत पाण्याला जागाच न्हाई बगा.” वीस वर्षं मी हे कौतुक ऐकलं आणि खरं मानलं.

मग दत्ताचं लग्न झालं आणि मोहिनी घरात आली. दत्ता भामाबाईंचा मुलगा, टेम्पो चालवणारा. मोहिनी नसरापूरच्या बाजूची, कॉलेज केलेली. दिवस गेल्यावर पहिल्या तपासणीत तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला. नंतर दत्ताच्याही निघाला. तो कुणाकडून कुणाला आला, हे विचारायला तुमची जीभ वळवळते आहे ना? मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही.

दत्ता एवढंच म्हणाला, “आईला कळू देऊ नकोस.” त्याच्या गोळ्या टेम्पोत राहिल्या. मोहिनीच्या गोळ्या माझ्यात आल्या.

दुपारी मला धुऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगत. मोहिनी गोळ्यांची बाटली माझ्यात ठेवी. बाटलीवरचं लेबल तिनं नखानं खरडून काढलं होतं. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून बाटलीत मेंढीची लोकर कोंबली होती. पहाटे धार काढायच्या आधी ती गोठ्यात एकटी असे. तेवढीच तिची हक्काची वेळ. बाटलीतली गोळी, गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी दिलेली कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी, तिन्ही एका मुठीत घेऊन उपाशीपोटी ती पाण्याबरोबर गिळायची आणि बाटली गवतात दडवायची.

मळमळ व्हायची. कधी गोळी उलटून पडायची, आणि ती भिंतीला टेकून मोजत बसायची, किती वेळ झाला, परत घ्यायची का. डोकं गरगरायचं. झोपेत नको ती स्वप्नं पडायची. भामाबाई म्हणायच्या, “सहावा सरला तरी वकतीच हाय. आमी काय पोरं काढली न्हाईत व्हय? शिकल्याली पोट बी शिकल्यालंच घिऊन आलीया.”

सातव्या महिन्यात भोरच्या दवाखान्यात रक्ताचा निकाल आला. रिकामी बाटली माझ्यात लपवून न्यायची म्हणून मीही तिच्या पिशवीत होते. तिथल्या समुपदेशक सरोज मॅडम म्हणाल्या, “विषाणू इतक्यात दबायला हवा होता. गोळ्या चुकतात का?”

“एकही नाही, मॅडम.”

“घेतेस कशी, ते सांग.”

मोहिनीनं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“वेगवेगळ्या घे म्हणाले होते ना मी? कॅल्शियम आणि लोह उपाशीपोटी हिच्यासोबत गेलं की ही गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियम सकाळी, लोह दुपारच्या जेवणानंतर. ही रात्री आठला, जेवून. मळमळही कमी होईल. उलटी झाली तर मला फोन कर, मनानं काही बंद करू नकोस. अजून दोन महिने आहेत. बाळासाठी हे दोन महिने फार मोलाचे आहेत.”

“आठला सगळे एका पंगतीत असतात, मॅडम.”

“मग सासूबाईंना सांग.”

परत येताना एसटीत मोहिनी मला पोटाशी धरून बसली होती.

दुसऱ्या पहाटे तिला भोवळ आली आणि ती गोठ्यातच बसली. बाटली माझ्यातच राहिली. भामाबाईंनी अंधारात धार काढली, माझ्यात न बघता दूध ओतलं आणि मला डोक्यावर घेतलं.

केंद्रावर रखमाजींनी मला तिरकं केलं, तर दुधाबरोबर बाटली बाहेर आली. त्यांनी झाकण उघडलं. लोकर निघाली, मग गोळ्या.

“लेबल खरवाडल्यालं हाय,” ते म्हणाले. “असली गोळी कोन लपवतं ते सांगाय नगं. भामाबाई, किटली उचला. उद्यापास्नं हितं आणू नका.”

रांगेतल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. वीस वर्षांचं कौतुक असं दोन पावलांत संपलं. दुधातून हा आजार पसरत नाही, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

भामाबाई चढण चढून घरी आल्या. मला अंगणात आदळलं. माझ्या पोटाला आजही तो पोचा आहे.

“कशाच्या गोळ्या ह्या?”

मोहिनीनं सगळं सांगितलं. दत्ताचंही सांगितलं. आठ वाजताचंही.

भामाबाईंनी तिचं ताट, तांब्या आणि मला पडवीच्या कोपऱ्यात मांडलं. “हितं जेवायचं. आमच्यात बसू नगं.” मुलाचं ताट मात्र होतं तिथंच राहिलं. हा न्यायही बघून ठेवा.

पण त्या कोपऱ्यात मोहिनीला पहिल्यांदाच काही लपवायचं नव्हतं. ती आठला जेवली आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली. लोकर तिनं फेकून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी दत्ता उठला आणि आपलं ताट घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला. भामाबाई आत एकट्याच जेवल्या.

पुढच्या आठवड्यात एका रात्री मोहिनीचा डोळा लागला होता. तेव्हा माझं झाकण पडवीत खाडकन आदळलं.

“आठ वाजलं,” भामाबाई म्हणाल्या. “जेव आन गीळ ती. माझं नातवंड हाय पोटात.”

त्या दिवसापासून रोज आठला माझं झाकण वाजू लागलं. माया म्हणाल, तर आवाजात तसूभर नव्हती. पण एक दिवस चुकला नाही.

बाळंतपणाआधी रक्त पुन्हा तपासलं. विषाणू दबला होता. मुलगी झाली, सई. तिला सहा आठवडे औषधाचे थेंब दिले. तपासण्या होत राहिल्या. दीड वर्षानं शेवटचा कागद आला.

“काय लिवलंय?” भामाबाईंनी विचारलं.

“नाही म्हणून लिहिलंय, आई. सईला नाही.”

भामाबाईंनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्या झाकणाखाली ठेवला. मोहिनी रडत होती.

“रडून झालं का? तुजं सपल्यालं न्हाई अजून. आठ वाजलं.”

तर मित्रांनो, मी आता दूध वाहत नाही. माझ्यात गोळ्या असतात, आणि त्या खुशाल खुळखुळतात. मला घासा, पुसा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. एवढंच मागते, की कुणाच्या बाटलीवरचं लेबल खरडलेलं दिसलं, तर दोन पावलं मागं सरू नका. ती पावलं मी मोजलेली आहेत.