टॉवेलखालची किसणी

माझ्या बायकोची, हन्नाची, आठवण गेली हे नगरच्या दवाखान्यात कळलं, एका गुरुवारी. मेंदूच्या तापातून ती उठली होती, चालत होती, जेवत होती. डॉक्टरबाईंनी तिला वीस चित्रं दाखवली. तासाभराने विचारलं, "यातली कोणती पाहिली होती?"

"मी तर तुम्हालाच आत्ता पाहतेय," हन्ना म्हणाली. आम्ही हसलो.

मग बाईंनी तुटक रेघांची, अर्धवट चित्रं समोर ठेवली. आधी दाखवलेल्या वस्तू हन्नाने पटापट ओळखल्या. नवी असली की अडखळायची.

बाई बराच वेळ समजावत होत्या, मी मान हलवत होतो. डोक्यात एकच बसलं: हिला आठवतंय, पण ही नाही म्हणतेय.

भिंगारला लष्कराच्या सामानाच्या स्टोअरमध्ये मी तीस वर्षं काढली. सामान ओळखलं म्हणजे माणसाने ते पाहिलेलं असतं, एवढंच मला ठाऊक.

घरी मीच परीक्षा घेतली. सकाळी नवी किसणी दाखवली. दुपारी ती टॉवेलखाली झाकून नुसता कोपरा उघडा ठेवला.

"काय आहे?"

"किसणी."

"सकाळी पाहिलीस ना?"

"न्हाई ओ. मी कुठं पाहिली?"

शेजारच्या रतनबाई दारातून म्हणाल्या, "भावजी, पोलिसात लागला का तुमी?"

मला राग आला. खोटं कबूल करेपर्यंत चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी घ्यायची नाही, असं मी हन्नाला बजावलं. पाळकसाहेब म्हणाले, "शलमोनभाऊ, घाई करू नका." मी ऐकलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं की मी तिचा हात खाली दाबायचो.

"अहो, मला का नाही?" ती हळूच विचारायची. मागच्या महिन्यात सांगितलेलं तिच्याजवळ नसायचं.

"तू खोटं बोलतेस म्हणून."

ती दर वेळी नव्याने रडायची. असे सात महिने.

मार्चमध्ये ती गेली. दवाखान्यात तिचे कागद आणायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंना धीर करून किसणीचं विचारलं.

"काका, 'हे मी पाहिलंय' ही आठवण मेंदूत आत खोल एका जागी तयार होते. ती जागा तापात गेली. पण डोळ्यांनी पाहिलेलं ओळखणारा मागचा भाग चांगला होता. एकदा पाहिलेली वस्तू त्याला दुसऱ्यांदा सोपी जाते. ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. त्या खरंच सांगत होत्या. मी तेव्हाच बोलले होते तुम्हाला."

"हो," मी म्हणालो.

मंडळीत लोक अजून म्हणतात, हन्नाबाई फार चांगल्या, शेवटी तेवढं खोटं बोलायला लागल्या. हे त्यांना मीच सांगितलं होतं. तिच्यामागे पाच पहिले रविवार झाले. मी जातो, मागच्या बाकावर बसतो, भाकरीचं ताट यायच्या आत उठून येतो. ती खोटं बोलत नव्हती, हे मंडळीसमोर उभं राहून मी अजून सांगितलेलं नाही.